वजा चिन्हाचा आरसा

ईरा आणि नील,

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, पद्माआजी गेली आणि आजी, तू हसतेस कशी? तुमच्याकडे तेव्हा शाळेची घाई होती आणि मला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. तुम्हाला ती माहीत आहे ती फोनवरून अपूर्णांक शिकवणारी, ‘उत्तर नको, कसं आलं ते सांग’ म्हणणारी. तिला जाऊन अजून पंधरा दिवसही झाले नाहीत. आत्ता लिहिलं नाही तर माझ्या सवयीप्रमाणे मी सगळ्या आठवणींना इस्त्री करून घड्या घालून ठेवीन, आणि घडी घातलेली पद्मा ही पद्मा नव्हेच. म्हणून आत्ता. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण तिच्याशी मी कधी इंग्रजीत बोलले नाही. तुमची आई वाचून दाखवील. आणि हे मी तुम्हाला सांगणार नाही, तिलाच सांगणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका.

पद्मा, आपलं भांडण अर्धंच राहिलं.

हॉस्पिटलमध्ये त्या शेवटच्या मंगळवारी तू नाकावरची नळी बाजूला केलीस आणि म्हणालीस, “मान्य कर की आता. मीच काढलं होतं ते.” मी म्हटलं, आधी घरी ये, मग बोलू. मी पळ काढते आहे हे तुला कळलं आणि तू हसलीस. खरंच पळ काढत होते. इतकी वर्षं जे मान्य केलं नाही ते तू आजारी आहेस म्हणून मान्य केलं असतं, तर आता आपलं काही खरं नाही हे तू तिथल्या तिथे ओळखलं असतंस. म्हणून मी नर्सबाईंना हाक मारली आणि तुला नळी लावायला लावली.

काय काढलं होतंस, हे मुलांना कळायला हवं. क्रमाने सांगते. क्रमाने म्हटलं की तू डोळे फिरवायचीस. फिरव.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एम. ए. होऊन, लग्न होऊन सोलापुरात आले आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. तू तिथे आधीपासून गणित शिकवत होतीस. पहिल्या दिवशी तू मला ‘इंग्लिशबाई’ म्हणालीस आणि आठवड्याभरात ‘नलू’ म्हणायला लागलीस. तुझं घर विणकरांचं. घरात तेलुगू, दारात मराठी. मागच्या शेडमध्ये तुझ्या वडिलांचे चादरींचे माग. वडिलांना तुम्ही सगळे नायना म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. तुमच्याकडे बोलताना मागांच्या आवाजावर आवाज चढवावा लागे, त्यामुळे तू वर्गातही ओरडूनच शिकवायचीस. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असले की मुली माझ्या कवितेपेक्षा तुझी प्रमेयं जास्त ऐकायच्या.

नायना चादरीची डिझाइनं स्वतः काढत. चौकटीच्या कागदावर पेन्सिलने बाह्यरेषा त्यांची, आणि आतले चौकोन लाल रंगाने भरायचं काम लहानपणापासून तुझं. भरलेल्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे दोऱ्याने एकामागे एक ओवायचे आणि ती लांबलचक माळ मागावर चढवायची. जिथे भोक तिथे धागा उचलला जातो, जिथे नाही तिथे दबून राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. त्या घरात एक रीत होती. ज्याने डिझाइन काढलं, त्यानेच त्याचं नाव ठेवायचं. व्यापारी त्याच नावाने माल मागत. नायनांनी ठेवलेली नावं होती, तुझ्या थोरल्या भावानेही दोनतीन ठेवली होती. तुझं एकही नव्हतं. तू काढलेले कागद नायना बघायचे, चांगलं हाय म्हणायचे आणि ट्रंकेत ठेवून द्यायचे. तू चौकोन भरणारी. त्या घरात तुझी जागा ती होती. बी. एस्सी. झालीस तरी तीच राहिली.

तू याबद्दल कधी कुरकुरली नाहीस. पण एकदा सहामाहीचे पेपर तपासताना मला म्हणालीस, “माझ्या नावाची एक तरी चादर मागावरून उतरली पाहिजे बघ.” आणि पुढचा पेपर ओढलास.

त्यानंतरच्या मे महिन्यात गणिताच्या शिक्षकांसाठी पुण्यात संगणकाचा वर्ग निघाला. सगळ्या शाळेतून तू एकटी गेलीस. संगणक कोणी पाहिलेला नव्हता. आपल्या हेडबाईंना तो रेडिओसारखा काहीतरी असेल असं वाटे. तिथे तुला कळलं, हे यंत्रही पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालतं. सूचना लिहायच्या, एकेका ओळीचं एकेक कार्ड भोकं पाडून तयार करायचं, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायचा. तू मला पत्रात लिहिलंस, ‘नलू, हा तर आमचाच माग आहे, फक्त सूत नाही.’

शेवटी प्रत्येकाने स्वतःच्या मनाचा एक प्रोग्रॅम करून दाखवायचा होता. बाकीच्यांनी चक्रवाढ व्याज घेतलं, मूळ संख्या घेतल्या. तू शोभादर्शक घेतलास.

ईरा, नील, शोभादर्शक म्हणजे तुमचा कॅलिडोस्कोप. काचेच्या तीन पट्ट्या, पुठ्ठ्याची नळी, तळाशी फुटक्या बांगड्यांचे तुकडे. पद्माआजी दरवर्षी सातवीच्या मुलींकडून तो करून घ्यायची. आता तिला नळी नको होती, काच नको होती, बांगड्याही नको होत्या. नुसत्या आकड्यांतून तो करायचा होता.

पद्मा, चुलतबहिणीच्या लग्नासाठी तू मध्येच चार दिवस घरी आलीस, तेव्हा मला तो समजावलास. तुमच्या ओट्यावर, खडूने. मधोमध एक फुली. म्हणालीस, इथून उजवीकडे तीन घरं आणि वर दोन घरं गेलं की एक ठिपका. आता उजवीकडच्या तीनच्या आधी वजा लाव. ठिपका डावीकडे गेला. वरच्या दोनला वजा लाव. खाली गेला. तीन आणि दोनची अदलाबदल कर. तिरका गेला. एका ठिपक्याचे आठ झाले. “बस. वजा चिन्ह म्हणजे आरसा. काच लागत नाही.”

मला शाळेत गणितात काठावरचे गुण मिळायचे. वजा चिन्ह म्हणजे काहीतरी कमी होणं, एवढंच मला माहीत होतं. त्या दुपारी तुमच्या ओट्यावर, मांडवातला सनईवाला सूर लावत असताना, मला गणितातली एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा सुंदर वाटली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्गात उदाहरण म्हणून माझं नाव घेतलं असतंस.

तुझा प्रोग्रॅम एकदा चालवून झाला होता आणि चुकला होता. आठांपैकी एका फाकेत ठिपके भलतीकडेच जात होते. चूक सापडेना म्हणून तू कार्डांचा गठ्ठाच टॉवेलात गुंडाळून घरी आणला होतास. निवांत बघू म्हणून. लग्नघरात निवांत.

वरातीहून आपण परत आलो, तर तुझा गठ्ठा टॉवेलात नव्हता. शेडमध्ये खुंटीला टांगलेला होता. नायनांनी प्रत्येक कार्डाच्या दोन्ही टोकांना मागाच्या पुठ्ठ्यांचा पंच वापरून भोकं पाडून, पांढऱ्या दोऱ्याने ओवून त्याची माळ केली होती. तू कोपऱ्यात पेन्सिलीने घातलेले क्रमांक बघून, एकही मागेपुढे न करता. लग्नाची पंगत सोडून हे करत बसले होते. आणि रागावलेही होते. सुटे पुठ्ठे कुणी ठेवतं का, विणकराच्या घरात जन्मलीस, हातातून पडले तर सगळं डिझाइन मातीत, पुण्याला हेच शिकवतात काय, असं बरंच काही तेलुगूत आणि मराठीत.

मी तुझ्याकडे बघत होते. त्या यंत्रात कार्डं सुटीच घालावी लागतात आणि प्रत्येक भोकाला ते अक्षर समजतं, हे तूच मला दोन दिवसांपूर्वी सांगितलं होतंस. सगळा गठ्ठा वाया गेला होता. परत गेल्यावर तुला खिडकीत एकदाच पाळी मिळणार होती. मला वाटलं आता तू रडशील.

तू माळ खुंटीवरून काढलीस, दोऱ्याच्या गाठी बोटाने तपासल्यास आणि म्हणालीस, “नायना, गाठ लई बेस बसलीय.” मग आत जाऊन पोत्यांच्या थप्पीवर बसलीस आणि तोंडात पदर कोंबून हसलीस. तुझं बघून मीही. बाहेर बायका म्हणत होत्या, मास्तरणींना वरात बाधली वाटतं.

स्टेशनवर तुला सोडायला मी आले होते. माळ तुझ्या मांडीवर. तू म्हणालीस सगळी कार्डं पुन्हा पाडणार, वेळ झाला तर झाला. प्रोग्रॅमच्या शेवटच्या कार्डावर एक आकडा लागतो, त्याच्यावरून ठिपके कुठे पडायचे ते ठरतं. आकडा बदलला की चित्र बदलतं, जशी नळी फिरवावी तशी. तू खिडकीतून ओरडलीस, “नलू, आकडा सांग की.” माझ्या हातात पुस्तक होतं, उघड्या पानाचा आकडा मी ओरडून सांगितला. बाकावरच्या एका गृहस्थांनी तो कागदावर टिपून घेतला आणि मला अदबीने विचारलं, बाई, ओपनला लावू का क्लोजला? मटक्याचे दिवस होते. गाडी सुटली तरी तू हसत होतीस.

पुण्यात खिडकीवरच्या माणसाने माळ उचलून धरली आणि सगळ्यांना बोलावून दाखवली. तू त्याला हसू दिलंस. मग भोकं पाडायच्या यंत्रावर बसून, माळेतलं एकेक कार्ड समोर धरून, सगळा प्रोग्रॅम पुन्हा टंकलास. आणि टंकताना ती चूक सापडली. एका ओळीत वजा चिन्ह राहिलं होतं. वाचताना डोळा पुढे जात होता, बोटं मात्र अडखळली. नायनांनी माळ केली नसती तर तू तोच चुकीचा गठ्ठा परत खिडकीत दिला असतास. तुझ्या शेजारी अकलूजचे एक सर होते, त्यांचा गठ्ठा जिन्यात पडला आणि ते दुपारभर गुडघ्यांवर बसून पायऱ्यांवरून कार्डं गोळा करत होते. तू त्यांना म्हणालीस, सर, ओवून घ्या.

आणखी एक गंमत. छपाईच्या यंत्रावर अक्षर रुंदीपेक्षा उंचीला जास्त असतं, त्यामुळे इतरांची वर्तुळं अंड्यासारखी आली. तुझं गोल आलं. चादरीतही उभे धागे आणि आडवे धागे सारखे बसत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडचे कागदावरचे चौकोन मुळातच चौरस नसतात. लहानपणापासून तू तसलेच चौकोन भरत आली होतीस. हिशेब तू आधीच घातला होतास. शिकवणाऱ्यांनी विचारलं, हे कसं सुचलं? तू म्हणालीस, घरी असंच असतं.

तो कागद घेऊन तू आलीस त्या दिवशी मी तुमच्याकडेच होते. तू बोलावलंस म्हणून. तुझा आवाज बसला होता, ओरडायची सोय नव्हती. घडीचा लांब कागद, त्यावर नुसत्या फुल्या आणि ठिपके. जवळून बघितलं तर काही नाही. लांब धरलं की मधोमध फूल, भोवती फुटक्या काचांसारखे कोन, त्यांच्याभोवती पुन्हा कोन. नायनांनी कागद दारापाशी उजेडात नेला. हात लांब करून बघितला. मग मधून दुमडला, आडवा दुमडला, तिरका दुमडला आणि उजेडासमोर धरला. फुलीवर फुली बसत होती. भाऊ मागावरून उतरून बघायला आला. माग थांबला, तेव्हा कुठे शेडमध्ये आवाज न चढवता बोलता आलं.

“हे कुणी काढलं?” नायनांनी विचारलं.

आगगाडीत तू याचं उत्तर पाठ करून आली होतीस, हे तू मला नंतर सांगितलंस. पण ऐन वेळी तुझ्या तोंडून निघालं, “मशीननं.”

नायनांनी चष्म्यावरून तुझ्याकडे बघितलं. “मशीन काय बी काढत न्हाय. माझ्या दारात मशीनं हायत, मला नको सांगू. पुठ्ठे कुणी पाडले?”

“मी.”

“मग तू काढलंस.”

आणि त्यांनी कागद ट्रंकेकडे नेला नाही. भावाला म्हणाले, पुढच्या महिन्यात दोन नंबरचा माग रिकामा होतो, त्याच्यावर घे. मग वळून तुला म्हणाले, “नाव सांग.”

फळ्यावर कुठलंही गणित टाकलं तरी तुझं उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तू इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. मी तोंड मिटून घेतलं. नाव तुझं होतं. मग तू म्हणालीस, “काचबांगडी.” नायनांनी तो शब्द एकदा मोठ्याने उच्चारून बघितला, व्यापारी दुकानात मागेल तसा. मग मान हलवली आणि माग सुरू करायला सांगितलं.

आता भांडणाचं. तू मला पोचवायला निघालीस, तेव्हा रस्त्यातच मी ते उकरून काढलं. मी म्हटलं, नायनांचं बोलणं मागापुरतं ठीक आहे. मागासाठी पुठ्ठे पाडणाऱ्याला मोर आधी दिसलेला असतो. तुला तर कागद हातात येईपर्यंत माहीत नव्हतं काय येणार आहे. जे तुला आधी दिसलंच नाही, ते तू काढलंस कसं? तू म्हणालीस, नियम माझा आहे. मी म्हटलं, आकडा माझा आहे. तू म्हणालीस, मग तो मटकेवाला पण भागीदार. आपण पाणीपुरवठ्याच्या टाकीपाशी उभ्या राहून अंधार पडेपर्यंत भांडलो. पुढे दर दोनचार वर्षांनी कशावरून तरी ते पुन्हा निघायचं. तुझा मुद्दा शेवटी एवढाच असायचा, काय येणार ते माहीत नव्हतं म्हणून तर मजा आली, आणि मजा ज्याला आली त्याचं ते चित्र. हा मुद्दा होत नाही, पद्मा. आजही होत नाही. पण याला उत्तर मला कधी सापडलं नाही, हे आता लिहून ठेवते.

आणि ती माळ. पुण्याहून तू ती परत आणलीस आणि नायनांना दिलीस. काम झालं, एवढंच म्हणालीस. त्यांनी ती शेडमध्ये दारासमोरच टांगली. येणाऱ्या व्यापाऱ्याला चहा देताना ते तिच्याकडे बोट दाखवायचे, ही पुण्याच्या मशीनमध्ये चालली, मी ओवलेली. तू तिथेच उभी असायचीस आणि म्हणायचीस, “व्हय, लई चांगली चालली.” ते असेपर्यंत तू त्यांना खरं सांगितलं नाहीस, आणि गेल्यावर मला म्हणालीस की त्यात खोटं तरी काय होतं. यावर मात्र आपण भांडलो नाही.

काचबांगडी फार खपली असं नाही. दोन हंगाम बरी चालली. बार्शीच्या एका दुकानदाराने मागवली, होटगीकडच्या दोन लग्नांत आहेर म्हणून गेली. नंतर लोकांना पुन्हा मोर हवे झाले. तुझ्या भावाने न विचारता रंग बदलून बघितले, तेव्हा तू दोन दिवस त्याच्याशी बोलली नाहीस. म्हणजे तू आता पुरती डिझाइनवाली झाली होतीस. पुढे तू आणखी चार नावं ठेवलीस. दोन हाताने काढलेल्या कागदांची, दोन आकड्यांतून काढलेल्या कागदांची. नायनांनी कुठल्याच वेळी, हे हाताचं का ते मशीनचं, असं विचारलं नाही.

आपल्या वयाच्या बायका गेलेल्या माणसाचे उपकार मोजतात. मला तुझे मोजता येत नाहीत. तू होतीस म्हणून माझ्या आयुष्यात एक माणूस असं होतं, ज्याच्याशी बोलताना मला नीटनेटकं राहावं लागत नव्हतं. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, नलू, हे इंग्रजीत सांग, जरा बरं वाटेल.

ईरा, नील, मी हसते ती अशी.

काय उरलं आहे ते सांगते. माग विकले गेले, शेडच्या जागी आता दुकानं आहेत. छापलेला कागद पुसट होत होत कोरा झाला. कार्डांची माळ एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. पहिल्या ताग्यातली एक काचबांगडी माझ्याकडे आहे. लाल आणि पांढरी. कडेला विरली आहे, मधलं फूल शाबूत आहे. थंडीत मी तीच पांघरते.